मार खाणारं पात्र

पहिला फटका पाठीवर बसला तेव्हा लोक हसले. दुसऱ्याला टाळ्या पडल्या. तिसऱ्याला माझा सदरा फाटला आणि बाकांवर बसलेली वसईतल्या पापडी गावची बागायतदार मंडळी पोट धरून हसायला लागली. त्या फटक्यांचा आवाज कळंबच्या किनाऱ्यापर्यंत गेला असं आमच्याकडे सांगतात. मी सांगतो, पुढे गेला. समुद्र ओलांडून थेट स्पेनला गेला. कारण भानगड तिथूनच आली होती.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. मी सातवी शिकलेला, मिठागरात कामाला. चर्चच्या सणाला मांडवात नाटक व्हायचं. त्या वर्षी ते बसवायला घेतलं एका म्हाताऱ्या स्पॅनिश फादरने. वसईत पोर्तुगीज आले, किल्ला टाकून गेले, पाव देऊन गेले. स्पेनचा मात्र हा एकच माणूस आमच्या वाट्याला आला. दाढी एवढी, की तीत चिमण्यांची दोन बाळंतपणं झाली असतील. त्याने आपल्या देशातल्या जुन्या नाटकांच्या धर्तीवर मराठीत नाटक लिहिलं. एक सरदार, एक सुंदरी आणि सरदाराचा नोकर. नोकराने घाबरायचं, चोरून खायचं, मार खायचा. लोकांनी हसायचं.

सरदार झाला रेमी, अंतोनशेठचा मुलगा. केळीच्या बागा अंतोनशेठच्या, मांडवाचा खर्च त्याचा, आमचं मिठागरही त्याच्याच ताब्यात. नोकर कोण होणार? बागायतदारांचा एकही पोरगा तयार होईना. चारचौघांत मार खायचा, तोही खोटा, तरी घराण्याला शोभत नाही. म्हणून तिथली रीतच होती. मार खाणारं पात्र असलं की माणूस मिठागरातून आणायचा. शेठने मुकादमाला निरोप धाडला, "एक धट्टाकट्टा पाठव. पाठ बघून पाठव."

मी गेलो. खोटं कशाला सांगू, नाचत गेलो.

तालमीत फादर नाटक कमी बसवायचा, स्पेन जास्त सांगायचा. वीरांचे पोवाडे. देवाशी प्रियकरासारखं बोलणारे संत. मग त्यांचं सुवर्णयुग. राजाच्या घरी जहाजं भरभरून सोनं, रस्त्यावर उपाशी माणसं, आणि त्या उपाशी नोकरांच्या तोंडून सांगितलेल्या गोष्टी. 'मी' म्हणून सुरू होणाऱ्या. धन्यांच्या लाथा खाणाऱ्यांच्या, भाकर लांबवणाऱ्यांच्या. तिथून उडी थेट त्याच्या तरुणपणातल्या यादवी युद्धावर. कवींना गोळ्या घातल्या, उरलेले देश सोडून पळाले. हे सांगताना तो चष्मा पुसायचा.

मी विचारलं, "फादर, नोकरांच्या गोष्टी नोकरांनीच लिहिल्या?"

तो दाढी खाजवत राहिला. "नाही बाबा. शिकलेल्यांनी लिहिल्या. नोकराला कुठे लिहिता येत होतं?"

"मग लागलं किती, ते त्यांना काय कळलं?"

रेमी हसला. "तू लिही मग. मिठाने लिही."

तालमीत मारायला चिरलेला बांबू होता. वाजतो खूप, लागत नाही. सणाच्या दुपारी मांडव भरला. शेठलोक बाकांवर, आमची माणसं मागे वाळूत. आईही तिथेच. रेमी आला तो हातात चिंचेचा ओला फोक घेऊन. मला वाटलं, आवाजासाठी बदलला असेल.

मिठागरात राबणाऱ्याच्या कातडीत मीठ मुरलेलं असतं. फोक बसला की ते पेट घेतं, वेगळं चोळावं लागत नाही. मी कण्हलो. रेमी पुटपुटला, "सोस रे. बाबा बघतायत." पुढचा फटका नाकावर. रक्त ओठांवर आलं. लोकांना वाटलं, रंग. मागे आई हसत होती. सगळे हसतात म्हणून हसत होती. हजार माणसांत मी ते हसणं ओळखतो.

शेवटी नोकराने गुडघे टेकायचे, सरदाराचा हात चुंबायचा आणि म्हणायचं, "धनी, आपल्या हाताला लागलं तर नाही ना?" सगळ्यात मोठा हशा इथे.

मी गुडघे टेकले. हात धरला. मांडव हशा तोंडात धरून थांबला.

तो हात मी सोडला नाही. पिरगाळला. फोक हिसकावला. आणि हाणला. तोंडावर, मानेवर, मखमली कोटावर. कोट उसवेपर्यंत. रेमी खांबाला बिलगून ओरडला, "हे नाटकात नाही."

"तुझा फोक तरी कुठे होता?"

मग अख्खी पापडी माझ्यावर पडली. सांगताना मी दोनशे माणसं सांगतो, असतील सात-आठ. पुढचे दात गेले. बरगडी मोडली. आई शेठलोकांच्या मांड्यांवर पाय देत आली, माझं तोंड पदराने पुसलं, पदराकडे बघितलं.

"खरंच मारीत व्हते?" ती म्हणाली. "आन मी हसत व्हते?"

दुसऱ्या दिवसापासून मिठागर मला बंद, तिथेच राबणाऱ्या आईलाही.

फादर घरी आला. आयोडीन आणि पाव घेऊन. म्हणाला, "आमच्याकडे दुसरी नाटकंही होती. गावकरी सरदाराला जाब विचारतात अशी. ती अंतोनशेठला चालली नसती."

"तुम्ही विचारलं होतं त्याला?"

त्याने चष्मा पुसला. मी आयोडीन ठेवलं, पाव परत दिले.

पुढच्या वर्षी सणाआधी मुकादम वस्तीत आला. "शेठने माणूस मागितलाय. नाटक आहे." ओट्याओट्यांवर माणसं बसली होती. एकही पाठ हलली नाही. आई सुकट निवडत होती, तिने मान वर केली नाही. फक्त मला म्हणाली, "सांग त्याला."

मी अंगणात उतरलो.

"शेठला सांग, मार खाणारा या वस्तीत संपला. मारणारा पाहिजे असेल तर मी आहे. आणि गोष्ट लिहिणाराही आता मीच."