टेकडीवरचा बुधवार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, तेही एका जागी बसून नाही. दोह्यात, अल अझीझियातल्या फ्लॅटमध्ये हॉल ते बाल्कनी अशा येरझाऱ्या चालल्यात.

पुण्याहून बाबांचा शुक्रवारचा व्हिडिओ कॉल नुकताच संपला. "गुडघा खलास," ते म्हणाले. इथे अरबीत उठता-बसता कानावर पडणारा हा शब्द त्यांनी माझ्याकडूनच उचललेला. "आपली टेकडी राहिलीच बघ." मी हसलो. दुसरं काय करणार होतो?

दोह्यात टेकडी कुठली? पार्कात माती टाकून केलेला एक उंचवटा आहे, लेक त्यालाच हिल म्हणते. वेताळ टेकडी, भर शहरातलं ते रान, तिथले मोर — मला पुण्यातलं हे सगळं लहानपणी बाबांनी खांद्यावर बसवून दाखवलं होतं.

आखातातून सुट्टीवर गेलं की सुट्टी आपली राहत नाही. घरोघरी जेवणं, खजुराचे डबे वाटत फिरणं. वैताग यायचा. म्हणून एका वर्षी, एकटाच जात होतो तेव्हा, घरी गुरुवार सांगितला आणि मंगळवारीच उतरलो. मित्राच्या रिकाम्या फ्लॅटवर राहिलो. एवढंच? एवढंच असतं तर मी आज असा फिरत बसलो नसतो.

बुधवारी सकाळी टेकडीवर गेलो. वळणावर बाबा दिसले. काठी टेकत, कुणा अनोळखी माणसाला सांगत होते, "उद्या मुलगा येतोय दोह्याहून. त्याच्याबरोबर वर जायचंय, म्हणून सराव करतोय."

मी झाडाआड झालो. खोटं उघडं पडेल म्हणून — दुसरं काही नाही. तेवढ्यात मुरमावरून त्यांचा पाय सरकला. गुडघ्यावरच आपटले. हाक माझ्या तोंडाशी आली होती. दिली का? नाही. त्या माणसानं त्यांना उठवलं, धरून खाली नेलं. मी झाडामागून बघत राहिलो. भित्रा होतो मी. नीच म्हणा हवं तर.

गुरुवारी बॅगा घेऊन दारात उभा राहिलो. बाबा लंगडत आले. आणि मी — चेहऱ्यावर काळजी आणून — विचारलं, "पायाला काय झालं, बाबा?"

"काही नाही रे. बाथरूममध्ये घसरलो."

सुट्टीवर येताना आम्ही आखातातले सगळेच दुखण्यावरचं मलम आणतो. मीही आणलं होतं. तिथंच खाली बसून त्यांच्या सुजलेल्या गुडघ्याला चोळलं.

"पोरगा आला आणि निम्मं दुखणं पळालं," बाबा आईला म्हणाले.

मी चोळत राहिलो.