बंद करायचा नंबर

आमच्या शेतातल्या विहिरीवरच्या मोटारीला स्वतःचा फोन नंबर आहे. स्टार्टरच्या पेटीत सिम कार्ड बसवलेलं आहे. एकदा फोन लावला की मोटर सुरू, दुसऱ्यांदा लावला की बंद. दोन्ही वेळा पलीकडून एक बाई हिंदीत तसं सांगते आणि बाबा तिला अदबीनं "हाव बाई" म्हणतात. माझ्या फोनला इतकं गोड उत्तर कधी मिळालेलं नाही.

अमरावतीला इंजिनिअरिंग करून मी पुण्यातल्या एका कंपनीत लागले. काही वर्षांनी घरून काम करायची परवानगी काढली आणि हिवरखेडजवळच्या आमच्या गावी परत आले. परवानगी तीन महिन्यांची होती. शेवटच्या शुक्रवारी नवीन ॲप नीट बाहेर पडलं तर ती कायमची, नाहीतर बॅग भरून पुण्याला, असं मॅनेजरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मला जायचं नव्हतं. बाबांना मी इथं हवी होते की नाही, ते मात्र कळायला मार्ग नव्हता. वांग्याला पाणी कधी द्यायचं, याखेरीज कुठल्याच विषयावर ते मत देत नाहीत.

"तुयं नेमकं काम काय असते वं?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं. मी समजावलं. आम्ही सगळ्यांनी लिहिलेला कोड गोळा करायचा, तपासायचा आणि त्याचं चालणारं ॲप बांधायचं, याला बिल्ड म्हणतात. हे सगळं दूरचं एक मशीन आपोआप करतं. आपण फक्त 'कर' असा निरोप पाठवायचा. तो निरोप घ्यायची खिडकी म्हणजे एपीआय.

"मंग मोटरच झाली ना ते," बाबा म्हणाले.

मला ते इतकं आवडलं की मी खरोखरच तसं करून टाकलं. गावात लाइट गेली की इंटरनेट जातं, फोन तेवढा लागतो. म्हणून एक नंबर घेतला. त्यावर माझा फोन गेला की एपीआयला निरोप पोचायचा आणि बिल्ड सुरू व्हायचा. हुशारीच्या भरात बाबांचाही नंबर परवानगीच्या यादीत घातला, अडीनडीला असावा म्हणून. मॅनेजरांना यातलं अर्धंच सांगितलं होतं.

नेमकी गुरुवारी दाढ सुजली. अकोल्याच्या डॉक्टरांनी शुक्रवार दुपारची वेळ दिली आणि बिल्ड चार वाजता सुरू करायचा होता. ते काम घड्याळावर सोपवता आलं असतं, पण माणसानंच सुरू करायचं, असा मॅनेजरांचा हट्ट होता. माझ्यापाशी दुसरा माणूस म्हणजे बाबा.

"चारपर्यंत माझा फोन नाही आला तर तुमी या नंबरवर फोन लावा."

"मोटरसारखंच ना?"

"हाव, मोटरसारखंच," मी म्हणाले आणि बसमध्ये चढले.

चार वाजता मी डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडले होते. बाबांनी ठरल्याप्रमाणे फोन लावला. वीस मिनिटांत ॲप पुण्यातल्या तपासणाऱ्या मंडळींच्या फोनवर जाऊन पोचलं. इतकं सुरळीत काम माझ्या हातून एरवी होत नाही.

पण तीस वर्षांत बाबांनी एकही मोटर जळू दिली नव्हती. सुरू केलेली मोटर बंद करायची, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. अर्ध्या तासानं त्यांनी माझी मोटर बंद करायला फोन लावला. दुसरा बिल्ड सुरू झाला. बाई काही बोलली नाही, म्हणून त्यांनी पुन्हा लावला. बाई तरीही गप्प. असे चौदा फोन झाले. पुण्यात सगळ्यांची कामं माझ्या बिल्डच्या रांगेमागे अडकली आणि तपासणाऱ्यांना थोड्या थोड्या वेळानं तेच ॲप नव्यानं मिळू लागलं.

मॅनेजरांनी मला फोन केला. जबडा बधिर होता. "अं... फाहेब..." एवढंच निघालं. ते घाबरले आणि त्यांनी माझ्या अर्जातला घरचा नंबर लावला. पुढचं संभाषण मला दोघांनीही सांगितलं आणि दोघांचं जुळतं.

"साहेब, तुमची मोटर बंदच होऊन नाही राहिली. मी कवाचा फोन लावून राहिलो. जयून गेली तं मले सांगू नका."

"काका, आधी तो फोन लावणं थांबवा!"

"थांबवतो. पन चालू कराचा नंबर ठेवला, तं बंद कराचा काहून नाही ठेवला?"



परतीच्या बसमध्ये मी सुजलेला गाल धरून मनातल्या मनात बॅग भरत होते. अकोटजवळ मॅनेजरांचा फोन आला. बाबांचा नंबर यादीत घातल्याबद्दल त्यांनी माझी यथास्थित हजेरी घेतली. मग म्हणाले, "पण काकांचा प्रश्न बरोबर आहे. सुरू झालेला बिल्ड थांबवायची सोयच आपण केलेली नाही. लागोपाठ किती सुरू करता येतील, यालाही मर्यादा नाही. सोमवारी पहिलं काम ते."

"कुथून?" मी विचारलं.

"घरूनच करा. ॲप वेळेत गेलंय, तुमची परवानगी कायम. आणि झाल्यावर काकांना दाखवा."

घरी बाबा ओट्यावर बसले होते. फोन बंद करून कोनाड्यात ठेवला होता. "गेलं काय वं काम?" त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं.

"नाही. मी इथंच राहते आता. कायमची."

ते कोनाड्यातला फोन काढून उपरण्यानं पुसत बसले. मला रडू येईल असं वाटायला लागलं, तेव्हा मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बाबा, आपली मोटर कवा बंद केली?"

ते ताडकन उठले. दुपारी तीनला सुरू केली होती.

आम्ही दोघं शेताकडे पळालो. वांग्यांचं तळं झालं होतं, विहिरीत तळाचे दगड उघडे पडले होते आणि पेटीतून जळका वास येत होता. तीस वर्षांचा लौकिक माझ्या एका दाढेपायी गेला. मी रडायला लागले. सगळं माझ्यामुळे झालं, असं सारखं म्हणत राहिले.

बाबांनी पेटीचं झाकण लावलं.

"मोटर नवी तार भरून भेटते, बाई. तू पुण्याले गेली असती, तं तुले वापस आनाले मी कोन्या नंबरवर फोन लावला असता?"