बॅग वेलनेस स्टुडिओ

कोपरखैरणेत दुकान टाकलं तेव्हा मला बॅगा शिवता येत होत्या, एवढीच माझी तयारी होती. त्याआधी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बारा वर्षं एक्सपोर्टच्या बॅगा शिवल्या. कारखाना गुजरातला गेला, आम्ही बायका इथेच राहिलो. मग जवळच्याच बोनकोडे गावाच्या तोंडाशी एक छोटा गाळा भाड्याने घेतला, जुनं मशीन बसवलं आणि चेन, हँडल, चाकं दुरुस्त करून द्यायला लागले.

माझ्या दिराला हे फारच साधं वाटलं. "वहिनी, नुसतं काम येऊन चालत नाही. सपोर्ट सिस्टिम लागते," तो म्हणाला, आणि एका सकाळी सात वाजता मला सीवूड्सच्या हॉटेलात, स्थानिक उद्योजकांच्या क्लबात घेऊन गेला.

चाळीसेक माणसं कोट घालून उपमा खात होती. प्रत्येकाने उभं राहून एका मिनिटात आपला धंदा सांगायचा, मग घंटा, मग टाळ्या. पहिला विमावाला. दुसराही विमावाला. तिसरा वास्तुतज्ज्ञ. चौथे गृहस्थ धंदा कसा वाढवावा हे शिकवायचे. "यांचा स्वतःचा धंदा कुठला?" मी दिराला हळूच विचारलं. तो म्हणाला, "हाच."

माझी पाळी आली. "मी बॅगा दुरुस्त करते. चेन, हँडल, चाक." संपलं. घंटेवाला घंटा धरून तसाच उभा राहिला आणि उरलेलं मिनिटभर सगळ्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमची स्टोरी काय?"

"कसली स्टोरी? चेन तुटते, मी बसवते."

"इथेच तर तुम्ही मार खाता!" असं म्हणून त्यांनी मला त्या शिकवणाऱ्या गृहस्थांच्या हवाली केलं.

ते दुकानात आले. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "इथेच. पण तोवर पंखा बसलेला असेल." ते त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, दुरुस्ती हा शब्द निगेटिव्ह आहे, बोर्ड बदला. नवा बोर्ड लागला, 'बॅग वेलनेस स्टुडिओ'. पहिल्याच आठवड्यात दोन गृहस्थ वजन कमी करायला आले. पण खोटं कशाला बोलू, त्या बोर्डाखाली उभी राहून मीही फोटो काढून घेतला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला.

क्लबाने मदत केली नाही असं मात्र म्हणता येणार नाही. एकेक मेंबर घरातली फाटकी बॅग घेऊन यायचा, "आपल्यातलंच काम आहे हां ताई" म्हणायचा, बॅग नीट झाली की थँक्यू म्हणून निघून जायचा. पुढच्या मीटिंगला तोच उठून सांगायचा, "मी ताईंना एक रेफरन्स दिला!" टाळ्या.

वर्षाचा मोठा कार्यक्रम आला. विषय होता 'आधी स्थानिक'. येणाऱ्या प्रत्येकाला एक बॅग भेट देणार, हे कळलं तेव्हा मी कापडाचे नमुनेसुद्धा काढून ठेवले. बॅगा आल्या त्या बाहेरून, तयार. स्टेजवर मला शाल आणि तुळशीचं रोप मिळालं. चार दिवसांत त्या बॅगांचे बंद निघाले. अध्यक्षांनी रिक्षा भरून सगळ्या माझ्याकडे पाठवल्या आणि फोन केला, "बघा ताई, एका दमात तीस रेफरन्स!"

त्या ढिगाऱ्यात बसले असताना एक मावशी दारात आल्या. बोनकोड्याच्याच, बाजारात मासे विकणाऱ्या.

"काय गो, तू बॅगा शिवतंस?"

"हो."

"मंग तसा लिव ना बोर्डावर! म्हयनाभर हितून जातंय, मना वाटला हितं मालिश करतान."

त्यांची अडचण सरळ होती. बर्फातले मासे पिशवीतून न्यायचे, पाणी गळायचं, रिक्षावाले बसवून घेत नव्हते. मी दुहेरी शिलाई घालून जाड बॅग शिवून दिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीत बादलीभर पाणी आणून ओतलं आणि ती माझ्या पायरीवर धरली. पायरी धुऊन निघाली.

"ही बॅग नाय, पिठाची चालन हाय!"

मी पुन्हा शिवली, शिलाईवर आतून टेप चिकटवली. कोपरा गळला. तिसरी मात्र टिकली. मावशींनी शाबासकी दिली नाही. म्हणाल्या, "उद्या बाजारात ये, माप घ्याला."

बाजारात त्यांनी रांगभर ऐकू जाईल असा आवाज दिला, "गो, ही आपल्या बोनकोड्याची पोर!" मी साताऱ्याची, पण तो मुद्दा काढण्याची ती वेळ नव्हती. बायकांनी माशांचे हात पुसत पुसत मला फैलावर घेतलं. पट्टा रुंद कर, खांद्याला कापतो. तोंड मोठं ठेव. कोपरे गोल कर, घाण अडकते. निघताना माझ्याकडे चौदा बॅगांचं काम होतं. त्यातल्या काही जणी खारघरच्या सोसायट्यांत मासे द्यायच्या. तिथल्या बायका त्यांच्याकडे लहान बॅग मागायला लागल्या. बोर्ड मी उतरवला, दुसरं मशीन घेतलं, जोडीला कारखान्यातली एक मैत्रीण आली.

हे क्लबात पोचलं. अध्यक्षांचा फोन आला, "त्या कोळणींनाही मेंबर करून घ्या ना!" मी मावशींना निरोप दिला.

"तितं काय करतान?"

"सकाळी सातला जमून सगळे एकमेकांना आपापला माल सांगतात."

"आनि घेतं कोन?"

मी सुईत दोरा ओवायला घेतला. मावशी म्हणाल्या, "सकाली सातला आमी लिलावाला असतून," आणि निघून गेल्या.

मीही जाणं सोडलं. यंदा क्लबाने यशोगाथांची पुस्तिका काढली, दिराने ती कौतुकाने आणून दिली. तिसऱ्या पानावर मी आहे, हातात मासळीची बॅग, खाली 'आमच्या मार्गदर्शनाचं फळ'. फोटो चांगला आलाय, म्हणून सासूबाईंनी ते पान कापून कपाटाला चिकटवलंय.