सबनीसकाकांचे शिळे पेपर

मानवजातीच्या भवितव्यावर अढळ श्रद्धा असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. त्या श्रद्धेचं कारण असं, की त्याचा पेपर दोन महिने उशिरा यायचा.

सबनीसकाका मिशिगनमध्ये नोव्हायला राहायचे. मोटारींच्या बॉनेटचे साचे बनवणाऱ्या कारखान्यात ते इंजिनिअर होते. मी युनिव्हर्सिटीत शिकत होतो आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. सांगलीहून त्यांचा धाकटा भाऊ मराठी पेपरांचा गठ्ठा सुतळीने बांधून बोटीने पाठवायचा. तो पोचेपर्यंत दोन महिने जात आणि कागदाला गोदामातल्या ओलीचा वास लागलेला असे. काका ते तारखेच्या क्रमाने, रोज एक असे वाचत. टीव्हीवरच्या बातम्या त्यांना चालत नसत. संध्याकाळी साडेसहाला सुमनकाकूंनी टीव्ही लावला की ते उठून स्वयंपाकघरात जात.

"ताजी बातमी पोटाला बाधते," ते म्हणत. "दोन महिने ठेवायची. तोवर जग बुडालं तर वाचायची गरज नाही. नाही बुडालं तर घाबरायची गरज नाही."

विमान पाडलेलं असो, कुठे सैन्य घुसलेलं असो, अणुबॉम्बची धमकी असो, वाचून झालं की ते पेपरची घडी घालून खिडकीशी जात. अंगण, टपालपेटी आणि समोरचं वॉल्टरचं घर नीट पाहून घेत आणि म्हणत, "आहे अजून."

मी त्या काळात जाडजाड पुस्तकं वाचून निराश व्हायला शिकत होतो. "काका, हा आशावाद नाही, हा पोस्टाचा गलथानपणा आहे," मी एकदा म्हटलं.

"असेना. तुझी निराशा एअरमेलने येते, एवढाच फरक."

त्या वर्षांत जपानी गाड्यांपुढे अमेरिकन कारखाने बसत चालले होते आणि आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी ले-ऑफ होऊन घरी बसलेलं होतं. वॉल्टरही झाला होता. जपानी गाडी घेणाऱ्याने नोकरीही जपानमध्येच शोधावी, असं स्टिकर त्याच्या ट्रकच्या मागे होतं. चौऱ्याऐंशीच्या एप्रिलमध्ये चर्चच्या जत्रेत त्याने एक मोडकी जपानी गाडी आणून उभी केली. शेजारी घण ठेवला. येईल त्याने मनसोक्त हाणावं. बायका, म्हातारे, पाद्रीसुद्धा हाणून गेले. काकांना ते पाहवेना, पण वेगळ्या कारणाने. लोक छपरावर घाव घालत होते.

"वॉल्टर, तिथे नको," ते इंग्रजीत म्हणाले. "तिथे खालून पट्टी असते. दाराच्या मधोमध मार."

वॉल्टरने मारला. दार कागदासारखं आत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर चपला काढता काढता काकू म्हणाल्या, "उद्या माणसाला मारतील, तेव्हाही जागा दाखवा त्यांना."

महिन्याभराने, शनिवारी भर दुपारी, हार्डवेअरच्या दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये दोघांनी काकांना गाठलं. नळाचे वॉशर घेऊन मी दुकानातून बाहेर पडत होतो. एकाच्या हातात बेसबॉलची बॅट होती. पहिला फटका गुडघ्यावर बसला, दुसरा बरगड्यांवर. काका वाकले तेव्हा दुसऱ्याने त्यांची मान पकडली आणि तोंड गाडीच्या बॉनेटवर आपटलं. पहिल्यांदा चष्मा फुटला. दुसऱ्यांदा नाक. तिसऱ्यांदा जो आवाज आला तो ओला होता. मी धावून गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी वॉशरची कागदी पिशवी धरून उभा होतो. दुकानदार ओरडत बाहेर आला तेव्हा ते दोघे निघून गेले. पळाले नाहीत, चालत गेले.

काकांची गाडी अमेरिकन होती. तिच्या बॉनेटचा साचा त्यांच्याच कारखान्यातला होता. मी त्यांच्याजवळ बसलो तेव्हा त्यांचा डावा डोळा डोळ्यासारखा दिसत नव्हता. रक्त थुंकून ते म्हणाले, "बॉनेट बघ. एवढ्याशाने चेपलं. पत्रा पातळ करतायत लेकाचे."

ते दोघे चार दिवसांनी सापडले. दोघेही ले-ऑफ झालेले होते. काकांना जपानी समजून मारलं की इराणी समजून, असं पोलिसाने विचारलं. तेवढा विचार केला नव्हता, असं त्या दोघांनी सांगितलं. माझ्या मते त्या सबंध प्रकरणातलं ते एकमेव प्रामाणिक विधान.

नोव्हायच्या पेपरात आलेली बातमी कापून मी हॉस्पिटलमध्ये नेली. डावा डोळा गेला होता. उजव्याने त्यांनी कात्रणाकडे पाहिलं आणि हात हलवला. "आत्ता नको. नेहमीसारखं." मी ते बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिलं.

काकूंनी मात्र बॅग माळ्यावरून खाली काढली. "मी सांगलीला चालले. तुम्ही या, नाहीतर इथेच मरा."

"दोन महिने थांब," काका म्हणाले. हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं होतं. त्यांनी ते विनवणी म्हणून वापरलेलं प्रथमच ऐकलं.

घरी आल्यावर ते खिडकीकडे पाठ करून बसू लागले. गठ्ठे येत राहिले, सुतळी कुणी सोडली नाही. "आहे अजून" हे शब्द घरातून गेले. मला वाटलं, आता हा माणूस माझ्या पक्षात आला. वाईट याचं वाटलं, की त्याचा मला आनंद झाला नाही.

जुलैमधल्या एका रविवारी सकाळी त्यांनी मे महिन्याचा गठ्ठा स्वतः फोडला. पेपर नाकाशी धरून, एका डोळ्याने, मोठ्याने वाचायला लागले. त्यात भिवंडीची दंगल होती. माग जाळलेले, वस्त्या जाळलेल्या, माणसं घरात कोंडून जाळलेली. काकांना मारलं त्याच आठवड्यातलं सगळं. काकू पोळ्या लाटायच्या थांबल्या.

"भिवंडी म्हणजे सांगली नव्हे," त्या म्हणाल्या.

"नव्हेच. आणि तो पार्किंग लॉट म्हणजे अमेरिका नव्हे."

"मग माणसाने जायचं तरी कुठे?"

काकांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी डब्यातून कात्रण काढून दिलं. चार ओळी होत्या, खाली गाद्यांच्या सेलची जाहिरात. त्यांनी त्या दोनदा वाचल्या, घडी घातली आणि काठी टेकत उठले. खिडकीपर्यंतची दहा पावलं त्यांना फार वेळ पुरली.

बाहेर वॉल्टर आमच्या अंगणातलं गवत कापत होता. मे महिन्यापासून दर रविवारी कापत होता. काकूंना माहीत होतं, मला माहीत होतं, फक्त काकांना नव्हतं. वॉल्टरने जत्रेबद्दल कधी सॉरी म्हटलं नाही. गवतही तो वाकडंतिकडंच कापायचा.

काका पाहत राहिले. कपाळ काचेला टेकलं होतं.

"आहे अजून," ते म्हणाले. मग, "कडेचं सोडतोय पण."

"मग सांगा जाऊन," काकू म्हणाल्या. "जागा दाखवायची सवय आहेच तुम्हाला." आणि पुन्हा लाटणं फिरवू लागल्या. संध्याकाळी त्यांनी मला बॅग माळ्यावर टाकायला लावली. "दोन महिन्यांपुरतीच," असं बजावून.

ती बॅग चार वर्षांनी खाली आली, काकांचे कपडे देऊन टाकायचे होते म्हणून. कारखान्यात साच्याशेजारी उभे असताना त्यांचं हृदय बंद पडलं. मी तोवर दुसऱ्या गावी नोकरीला लागलो होतो. दोन महिन्यांनी काकूंचा फोन आला, "गठ्ठा आलाय, ये." भावाने सांगलीच्या पेपरात दिलेली निधनाची बातमी त्यात होती, फोटोसकट. तिलाही बोटीनेच यावं लागलं.

काकूंनी ती उभ्याने वाचली. पेपरची घडी घातली आणि खिडकीशी गेल्या. मीही मागे जाऊन उभा राहिलो. इतक्या वर्षांनी प्रथमच मला ते दोन शब्द कुणाच्या तरी तोंडून ऐकायचे होते.

काकू काही बोलल्या नाहीत. समोर वॉल्टर आपली नवी गाडी धूत होता. गाडी जपानी होती.