ब्रेककाका आणि दोन रिमोट

"गाडी कुणाच्या हातात आहे ते सोडा, ब्रेक कुणाच्या पायाखाली आहे ते बघा," असं ते एकदा एका घाबरलेल्या शिकाऊ मुलीला म्हणाले. तेव्हापासून सगळ्यांचे ते ब्रेककाका झाले.

ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. शिकाऊच्या शेजारी बसतात. त्या सीटपुढे स्टिअरिंग नाही, गिअर हाताशी नाही, फक्त पायाशी एक जादा ब्रेक. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांना खेटून बसायचं, शहर काचेवरून घसरत जाताना बघायचं, आणि वेळ आली की पाय दाबायचा. ही सवय इतकी मुरली आहे की सिनेमातली गाडी वळणावर आली तरी ते पाय दाबतात, आणि पुढच्या रांगेतला माणूस वळून बघतो. घरची गाडी काकू चालवतात. "दाबा हवा तेवढा पाय," त्या म्हणतात, "माझ्या गाडीत तिथे नुसतं पायपुसणं आहे." किल्लीची कडी कायम त्यांच्याच बोटात.

काकांच्या हातात चाक येतं ते फक्त रविवारी. त्या दिवशी आमच्यातल्या एकाचं फर्निचरचं गोदाम बंद असतं. कपाटं भिंतीशी सरकवून, जुन्या गालिच्यांच्या पट्ट्या अंथरून आम्ही काही मोठी माणसं तिथे रिमोटच्या गाड्या पळवतो. मोठी म्हणजे वयाने, बाकी विचारू नका. काकांचा लाल ट्रक बुटाच्या खोक्याएवढा. त्याचा रिमोट पिस्तुलासारखा मुठीत धरायचा, बाजूला चिमुकलं चाक, बोटाखाली ट्रिगर. ट्रिगर ओढला की गाडी पळते, पुढे ढकलला की ब्रेक. ते चाक हातात आलं की काकांचे कान लाल होतात, आणि हा माणूस शाळेत बाकावरून उड्या मारत असणार हे कळतं.

मग तो रविवार उजाडला. शर्यत निम्मी झाली होती, लाल ट्रक चक्क तिसरा. एकदम तो थबकला, घरी काहीतरी विसरल्यासारखा, आणि उलटा निघाला. तोही सुसाट. समोरून येणाऱ्या गाड्यांची दाणादाण उडाली.

"काका, ब्रेक!"

"दाबतोय ना!"

"दोन्ही पायांनी दाबताय! बोटाने दाबा!"

रिमोटचा दिवा विझलेला होता. ट्रक पाठीकडून डॉक्टरांच्या निळ्या गाडीवर चढला, तिचं पुढचं चाक उडवलं, आणि गाद्यांच्या ढिगात घुसून गुरगुरत राहिला. गोदामवाला हसता हसता त्याच गाद्यांवर कोसळला. डॉक्टर हसले नाहीत. ते दातांचे डॉक्टर, दुसऱ्यांची तोंडं उघडी बघायची सवय असल्यामुळे असेल, स्वतःचं कमी उघडतात.

"स्वस्तातला रिमोट," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी शर्यतीआधी परीक्षा. ट्रक जोरात पळवायचा आणि मध्येच रिमोट बंद करायचा. ट्रक गप थांबला तर काका शर्यतीत. नाहीतर त्यांनी खुर्ची टाकून आमच्या फेऱ्या मोजायच्या."

"म्हणजे पुन्हा शेजारची सीट," काका म्हणाले. हसतच म्हणाले, पण ट्रक पिशवीत ठेवताना त्यांनी तो दोनदा उलटा ठेवला.

खेळण्यांच्या मोटारींचं दुकान काकूंच्या धाकट्या भावाचं. दुसऱ्याच दिवशी काका-काकू तिथे हजर. मेहुण्याने काउंटरवर एक जड, काळा रिमोट ठेवला. नावाजलेल्या कंपनीचा. शेजारी काकांचा जुना, ज्याच्या कंपनीचं नाव वाचताना जीभ अडखळते.

"भावोजी, फरक हातात घेऊन बघा. चाकावरचा फोम बघा. ट्रिगर बघा कसा, लोणी!"

काकांनी धरला. खरंच लोणी होतं. चाक फिरवलं तर आवाज नाही, मूठ तळव्यात बसली ती आपल्याच मापाची शिवल्यासारखी. काकांनी डोळे मिटले.

"ताई, बघ, लग्नात तरी असा चेहरा होता का?"

"लग्नात डोळे उघडे होते, म्हणून घाबरलेले दिसत होते," काकू म्हणाल्या. "आणि हा एवढा महाग का?"

"सिग्नल पक्का. शिवाय नाव आहे. हां, प्रत्येक गाडीत बसवायची जी डबी असते ना, सिग्नल पकडणारी, तीही त्यांचीच लागते. नुसत्या त्या डबीच्या पैशात भावोजींचा अख्खा रिमोट येतो, डबीसकट."

"म्हणजे चप्पल घेतली की पायही त्यांच्याच दुकानातून घ्यायचे."

"ताई, तू गिऱ्हाइकं घालवतेस. भावोजी, घेऊन जा, रविवारपर्यंत चालवून बघा. आवडला तर पैसे, नाही तर परत."

घरी काकांनी ट्रकमध्ये नवी डबी बसवली आणि रिमोटशी जोडून घेतली. या जोडणीत एक गंमत असते. सिग्नल तुटला तर गाडीने काय करायचं, ते तिला तेव्हाच शिकवून ठेवायचं. ट्रिगर हवा तसा धरायचा आणि डबीवरचं बटण दाबायचं, की गाडी ते कायमचं लक्षात ठेवते. काकांनी जुन्या रिमोटला जे शिकवलं होतं तेच नव्यालाही शिकवलं, मन लावून, जीभ दातांत धरून.

शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये सराव चालला होता. ट्रक टेबलाच्या चार पायांमधून मांजरासारखा फिरत होता. तेवढ्यात फोन वाजला. काका रिमोट सोफ्यावर ठेवून आत गेले. काकूंना रिकाम्या खोलीत दिवा जळलेला खपत नाही. त्यांनी पंखा बंद केला, सोफ्यावरचा हिरवा दिवा बघितला आणि तोही बंद केला.

ट्रक उलटा निघाला.

स्टूल आडवं झालं. चपलांचा स्टँड आडवा झाला. ट्रक स्वयंपाकघरात जाऊन कांद्यांच्या टोपलीत शिरला आणि कांदे घेऊन बाहेर आला. काकू सोफ्यावर उभ्या. काका फोन कानाला लावून ट्रकमागे धावत होते आणि पलीकडच्या शिकाऊला सांगत होते, "घाबरायचं नाही, गाडी आपल्या ताब्यात असते!" शेवटी काकूंनी वरून उशी टाकली, स्वतः उशीवर बसल्या, आणि उशीखाली ट्रक घरघरत राहिला.

दोघांना हसू आवरेना. हसण्याचा भर ओसरला तशा काकूंच्या भुवया वर गेल्या.

"अहो, हा तर नावाजलेला ना?"

काकांचा चेहरा उतरला. "सिग्नल गेला की हाही उलटा जातो."

"मग रिमोटला कशाला बोल लावायचा? तुम्ही काय शिकवलंयत त्याला?"

"ब्रेक. सिग्नल गेला तर ब्रेक लाव. दुसरं काय शिकवणार?"

"दाखवा कसा."

काकांनी ट्रिगर पुढे ढकलला आणि ढकलूनच धरला.

"आणि गाडी थांबल्यावरही असाच दाबून ठेवला तर?"

काकांनी ट्रिगर सोडला आणि स्वतःच्या बोटाकडे बघितलं. अशा गाड्यांत थांबल्यावरही ब्रेक दाबूनच ठेवला की पुढे रिव्हर्स लागतो. ट्रक बिचारा शहाण्यासारखा थांबत होता, पण ब्रेक सुटतच नव्हता, म्हणून आज्ञाधारकपणे मागे निघत होता.

"थांबल्यावर सोडायचं असतं," काकू म्हणाल्या. "पण गेल्या रविवारी सिग्नल गेलाच का?"

"सेल. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, त्यातले काढून घातले होते."

"बंद पडलेल्या घड्याळातले?"

"तू सेल टाकून देत नाहीस ना, म्हणून..."

काकू पुन्हा उशीवर कोसळल्या.

मग जुनी डबी पुन्हा बसवली, जुन्या रिमोटमध्ये ताजे सेल घातले. आता ट्रकला नवं शिकवायचं होतं. सिग्नल गेला तर काहीच करू नकोस, नुसता सैल हो. त्यासाठी ट्रिगरवरून बोट काढून बटण दाबायचं, एवढंच. पण काकांना ते जमेना. बटणाजवळ हात गेला की दुसऱ्या हाताचं बोट आपोआप ब्रेकवर. बोट बाजूला धरलं तर उजवा पाय जमिनीवर. इतकी वर्षं हा माणूस फक्त दाबून लोकांना वाचवत आला होता, न दाबताही कुणी वाचू शकतं हे त्याच्या हाताला पटत नव्हतं.

"हात मागे बांधा," काकू म्हणाल्या.

काकांनी शाळेतल्यासारखे हात मागे बांधले. बटण काकूंनी दाबलं.

रविवारी मेहुणाही गोदामात आला होता, विक्री पक्की समजून. काकांनी पिशवीतून जुना रिमोट काढला तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी निळी गाडी उचलून मांडीवर घेतली. खबरदारी म्हणून गोदामवाला गादीवर चढला.

काकांनी ट्रक सोडला. लांबलचक सरळ पट्टीवर तो लाल रेघ झाला. "आता!" डॉक्टर ओरडले. काकांनी रिमोट बंद केला आणि दोन्ही हात मागे बांधले. त्यांचे पाय जोडलेले, टाचा वर, ओठ घट्ट. ट्रक स्वतःच्याच वेगावर घरंगळत राहिला, सावकाश होत होत गालिच्याच्या सुरकुतीवर चढला, आणि डॉक्टरांच्या बुटाशी येऊन थांबला. तिथेच राहिला. मागे काही गेला नाही.

गोदाम दणाणलं. डॉक्टर उभे राहिले, आणि चक्क दात दाखवून म्हणाले, "काका, या. पहिल्या रांगेत लावा."

शर्यतीत काका शेवटून दुसरे आले. नाचले मात्र पहिले आल्यासारखे.

"पण भावोजी," मेहुणा काकांनी परत दिलेला काळा रिमोट पुसत म्हणाला, "हात काय म्हणतो? खरं सांगा, लोणी हेच ना?"

"हेच," काका म्हणाले. "पण माझ्या बोटाला लोणी नको, शिस्त हवी."

"थांब," काकू म्हणाल्या. "तो नाववाला परत ठेव. त्यापेक्षा कितीतरी कमीत यांच्या जुन्या रिमोटसारखा अजून एक येईल ना? तो दे. आणि एक पिवळा ट्रक."

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? पुढच्या रविवारी मी काय फेऱ्या मोजू?"

मेहुणा धावतच जाऊन गाडीतून खोकं घेऊन आला. काकूंनी तिथेच रिमोट मुठीत धरला, पण त्यांच्या बोटातली किल्लीची कडी ट्रिगरला अडत होती. त्या हात झटकू लागल्या. आम्ही सगळे एकदम शिकवायला लागलो, चाक असं, ट्रिगर तसा, आधी ट्रक बंद करा मग रिमोट.

काकांनी लाल ट्रक काखेत मारला, काकूंच्या बोटातून किल्ली अलगद काढली, आणि घरच्या गाडीत जाऊन थेट स्टिअरिंगपुढे बसले.