काकांनी जावयाला दिलेला पीळ

माझे काका दोर वळायचे. बोटाएवढ्या दोरीपासून मनगटाएवढ्या दोरखंडापर्यंत सगळं त्यांच्या लांबलचक शेडमध्ये व्हायचं. अंगावर, भुवयांवर, चहाच्या कपात काथ्याच काथ्या. काकू म्हणायची, "ह्यांना झटकलं तर एक पायपुसणं निघेल."

माणूस भला, रोज देवाला हात जोडणारा. पण एकदा शेजारच्या निवृत्त मास्तरांनी बोलता बोलता सांगितलं, की सद्गुण या शब्दातला 'गुण' म्हणजे मुळात संस्कृतात धागा, दोरीचा पेड. तोच अर्थ वाढत वाढत माणसाच्या स्वभावापर्यंत आला. झालं! आपला धंदा थेट सद्गुणांचा निघाला म्हटल्यावर काकांना आवरणार कोण?

"एका पेडाचा दोर होत नाही. सत्य, धीर, दया, तीन तरी हवेत," असं म्हणत ते दिसेल त्याचे पेड मोजू लागले. दूधवाला दीड पेड. काकू अडीच.

"आणि तुम्ही?" काकूने विचारलं.

"स्वतःचे मोजू नयेत," काका म्हणाले. "तीन आहेत."

नेमकं तेव्हाच माझ्या चुलत बहिणीने सांगितलं, की तिला कोपऱ्यावरच्या न्हाव्याशी लग्न करायचंय. मुलगा गोड स्वभावाचा. पण काकांचं एकच, "आधी त्याचे पेड बघीन. कमी भरले तर लग्न नाही." बहीण रडकुंडीला आली. बाप हट्टाला पेटला की ऐकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

दोर वळताना एकजण चाक फिरवतो आणि दुसरा शेडच्या पार टोकाला दोर ताणून धरतो. पीळ बसतो तसा दोर आखडतो आणि धरणारा हळूहळू पुढे ओढला जातो. त्याने मध्येच सोडलं की सगळा गुंता. ते टोक काकांनी न्हाव्याच्या हातात दिलं.

"सोडलंस तर मुलगी विसर."

काकांचं चाक सुरू झालं, तोंडही. सत्यावर बोलून होईतो न्हावी निम्म्या शेडमध्ये सरकला. धीरावर आले तेव्हा दोर वेटोळी घालायला लागला.

"काका, दोर झाला वाटतं."

"मध्ये बोलू नकोस! धीराचं चाललंय."

"अहो बाबा, पुरे!" बहीण ओरडली.

काका दयेवर पोचले आणि न्हावी चाकापाशी. दोघं नाकाला नाक लावून. तेवढ्यात काथ्याची एक काडी काकांच्या नाकात गेली आणि अशी शिंक आली, की चाकाचा दांडाच हातातून सुटला. चाक उलटं गरगरलं, दोर फणफणत उलगडला आणि काका काथ्याच्या ढिगात, डोकं खाली पाय वर.

न्हावी भेलकांडला, पण टोक मुठीत.

"आता सोडू का?" त्याने विचारलं.

"सोड रे बाबा," ढिगातून आवाज आला.

काकूने पाय धरून नवऱ्याला बाहेर ओढलं. "धीर कुणाचा सुटला म्हणायचा?"

"शिंक देवाच्या हातात असते, ती मोजत नाहीत," काका पुटपुटले. पण डोक्यात काथ्या असा गुंतला होता, की फणीच चालेना. शेवटी न्हाव्याने खिशातून कात्री काढली. काका मान खाली घालून बसले. टक्कल होत आलं तेव्हा हळूच विचारलं,

"लग्नापर्यंत वाढतील ना रे?"