मलावीचा मका आणि आमचे तात्या

कोणाच्याही घरी गेले की तात्या आधी धान्याची कोठी कुठे आहे ते विचारत. झाकण काढून कोपरापर्यंत हात आत घालत, डोळे मिटून क्षणभर थांबत आणि मग म्हणत, "गार हाय." धान्य हाताला कोमट लागलं, तर त्या घरच्या बाईला धान्य उन्हात काढायला लावल्याशिवाय चहाला शिवत नसत. कीड लागली की धान्य आतून तापतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

मी ओतूरच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले तेव्हा त्यांच्याच घरी भाड्याने राहत होते. तात्या मूळचे घाटघरचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ओतूरच्या बाजारात एका शेठजींचं धान्याचं गोदाम सांभाळण्यात घालवली. शेठजींच्या भाच्याचा मलावीत व्यापार होता. त्याला तिथल्या गोदामावर विश्वासाचा माणूस हवा होता, म्हणून पन्नाशी उलटल्यावर तात्या पहिल्यांदा विमानात बसले.

मी राहायला आले तोवर ते परतले होते. एका संध्याकाळी मी ओट्यावर वह्या तपासत होते. आफ्रिकेतल्या देशांत अन्नटंचाई का होते, या प्रश्नाला यच्चयावत मुलांनी एकच उत्तर लिहिलं होतं : तिथे पाऊस पडत नाही. शिकवलं मीच होतं. तात्यांनी एक वही उचलून वाचली आणि हळूच खाली ठेवली.

"बाई, मी तिथं उपास बघितला तो भर पावसात. शेतं हिरवीगार, आन घरात दाणा न्हाई."

मग ते सांगत गेले. मका निघाला की सगळे एकदमच विकून टाकत, कारण ठेवला तर महिन्या-दोन महिन्यांत किडे त्याचं पीठ करत. चार-सहा महिन्यांनी तोच मका बाजारातून चढ्या भावाने आणायचा, तोवर रस्ते चिखलात गेलेले. शेतात मक्याशिवाय दुसरं पीक नाही. तो गेला की सगळंच गेलं. मी विचारलं, हे तुमच्या इतकं लवकर कसं लक्षात आलं? "घाटघरला दुसरं काय व्हतं? भादव्यात धो धो पाऊस, आन आई कणगीचा तळ झाडायची. नाचणी यायला दिवाळी लागायची."

गोदामाच्या शेजारच्या वस्तीत मर्सी नावाची एक विधवा राहायची. तात्यांनी तिला आणि आणखी काही बायकांना सुचवलं, की मका विकू नका, पत्र्याच्या पिंपात भरा, झाकण मेण लावून बंद करा. हवा मिळाली नाही की किडे मरतात. भरण्याआधी तात्यांनी ओतूरला ज्वारी पारखायचे तसा दाणा दाताखाली धरला. कट्ट वाजला. वाळलाय, म्हणाले. पावसाळ्यात मर्सीने पिंप उघडलं तेव्हा आत काळी बुरशी होती. मक्याचा दाणा वरून वाळला तरी आत ओला राहतो, हे तात्यांना ठाऊक नव्हतं. तिच्या चार महिन्यांच्या जेवणाची माती झाली होती.

तात्यांनी स्वतःच्या खाण्याचा मका तिच्या घरी पोचवला. तिने तो ओतून घेतला आणि रिकामं पोतं घडी करून परत दिलं. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं ते मला म्हणाले. त्या वर्षी ते परत यायचे होते. तिकीटही काढलेलं होतं. पण पुढचं पीक निघाल्यावर मर्सी स्वतःच गोदामाच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, आपलं काय चुकलं?

"आपलं म्हणाली, बाई. तुझं न्हाई म्हणाली."

तात्यांनी तिकीट रद्द केलं. तिथल्या शेतकी खात्यातल्या एका माणसाने त्यांना युक्ती शिकवली : कोरड्या बाटलीत मका आणि कोरडं मीठ घालून हलवायचं, मीठ काचेला चिकटलं तर दाणा ओला. ती बाटली घेऊन तात्या दोन हंगाम घरोघर फिरले आणि दाणा तपासूनच पिंपं भरून घेतली. मक्याच्या ओळींमध्ये भुईमूग लावायला लावला, बांधाला नाचणी. नाचणी त्या लोकांच्या आजोबांची होती, मधेच सुटली होती, एवढंच.

हे सगळं ऐकल्यावर मी त्यांना वर्गात नेलं. पांढरा सदरा घालून आले आणि मुलांना सगळ्यात आधी स्वतःची चूक सांगितली.

गेल्या थंडीत ते आजारी पडले. जुन्नरच्या दवाखान्यात मी भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या सुनेच्या मोबाइलवर मलावीहून एक फोटो आला होता. मर्सीच्या घरासमोर तीन पिंपं, आणि मधल्या पिंपावर तिची नात पाय सोडून बसलेली. खाली इंग्रजीत एक ओळ होती. मी ती वाचून दाखवली : यंदाही नवीन पीक येईपर्यंत जुना मका पुरला.

तात्यांनी चष्मा मागितला. बराच वेळ फोटो निरखला. मला वाटलं, पिंपाचं झाकण बघत असतील.

"पोरीचे गाल बघा की," ते म्हणाले. "लई गुटगुटीत झालीया."

चौथ्या दिवशी ते गेले. मर्सीला कळवणारा निरोप सुनेने मला लिहायला सांगितला. मी इंग्रजीत लिहिला, आणि शेवटी त्यांचं ते पोरीच्या गालांचं वाक्यही घातलं.